चौकटीतलं बोट

आमच्या ह्यांचं आणि माझं लग्नापासून शेवटपर्यंत एकच भांडण होतं, आणि ते पट्टीवरून होतं. लोक सासू-सासऱ्यांवरून भांडतात, मुलाच्या शिक्षणावरून भांडतात. आम्ही भांडलो ते किड्याशेजारी काय ठेवावं यावरून.

त्याचं असं. किड्याचा फोटो काढला की तो केवढा आहे ते फोटोत कळत नाही. जवळून काढला तर मुंगीसुद्धा म्हशीएवढी दिसते. म्हणून शेजारी काहीतरी माप ठेवायचं असतं. आम्ही दोघं एकाच शाळेत शिकवत होतो. मी गणित, ते जीवशास्त्र. माझं म्हणणं साधं होतं, की माप म्हणजे पट्टी. त्यांचं म्हणणं, पट्टी बघून किडा पळतो, बोट ठेवावं.

"तुमचं बोट केवढं आहे ते जगाला माहीत आहे का?" मी विचारायची.

"तुला माहीत आहे ना? मग झालं."

शाळेत आम्ही एकमेकांना 'सर' आणि 'बाई' म्हणायचो, घरी 'अहो' आणि 'अगं'. भांडण मात्र दोन्हीकडे तेच. मुलांनी मला नाव ठेवलं होतं पट्टीबाई, आणि त्यांना किडेसर. मला ते ठाऊक होतं. मी कधी रागावले नाही, कारण नाव बरोबर होतं.

तर ते बोट. उजव्या हाताची तर्जनी. नवीनच नोकरीला लागले होते तेव्हा प्रयोगशाळेच्या लोखंडी कपाटाच्या दारात ते सापडलं. डॉक्टरकडे चला म्हणून मी मागे लागले, तर म्हणाले, "जुळेल आपोआप." जुळलं. पण टोकाचं पेर डावीकडे कलंडलं ते कायमचं. बाकीचं बोट सुतासारखं सरळ, आणि फक्त शेवटचा तुकडा वळलेला, कुणीतरी हाक मारल्यावर मान वळवावी तसा. मी बोलले की म्हणायचे, "अगं, सरळ बोटाने तूप निघत नाही. माझी कायमची सोय झाली."

शाळेच्या मागे छोटी बाग आहे. एक लिंबाचं झाड, टोमॅटोचे वाफे, चार गुलाब, नळाच्या ओलीवर माजलेला पुदिना, आणि या सगळ्यावर जगणारे किडे. दर मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी ह्यांच्या गटातली मुलं शाळेचे जुने कॅमेरे गळ्यात घालून तिथे उतरायची. हे पुदिन्याचं पान चघळत मागे फिरत असायचे. मुलांना सक्त ताकीद असायची, आधी बोट ठेवा, मग फोटो काढा. पण समोर नाकतोडा बसलेला असताना पोराला कसलं भान राहतंय? पोरं विसरायची. मग हे मागून हळूच वाकायचे आणि बटण दाबलं जायच्या क्षणी आपलं बोट चौकटीत सरकवायचे. पोराला पत्ताही लागायचा नाही. शुक्रवारी संगणकावर फोटो बघताना कळायचं, की आपण विसरलो होतो आणि सरांनी सांभाळून घेतलं. मुद्दाम विसरणाऱ्यांना मात्र ही सवलत नव्हती. सरांचं बोट फोटोत यावं म्हणून एखादा लबाडी करायचा. ते त्यांना बरोबर कळायचं आणि तो फोटो रिकामाच यायचा.

त्यामुळे शाळेच्या शेकडो फोटोंत त्यांचं बोट आहे, पण ते स्वतः एकाही फोटोत नाहीत. कॅमेरा दिसला की हा माणूस मागे जायचा. मुलाच्या लग्नातसुद्धा तेच. गेले तेव्हा भिंतीवर लावायला ओळखपत्राचा फोटो मोठा करावा लागला. त्यात ते दात काढायला आलेल्या माणसासारखे दिसतात. मी तो फोटो लावला खरा, पण त्याच्याकडे बघून मला कधी रडू आलं नाही. तो माणूस माझ्या ओळखीचाच नव्हता.

गेल्या वर्षी गेले. शिक्षकांच्या खोलीत, चहा पिताना. कप नीट टेबलावर ठेवला म्हणे, आणि मग मान टाकली. मी वरच्या मजल्यावर अपूर्णांक शिकवत होते. आयुष्यभर घरात एक कप जागेवर ठेवला नाही, आणि शेवटचा तेवढा ठेवला. मला तेव्हा रागच आला होता. अजूनही येतो.

मुलगा दूरच्या शहरात असतो. दर रविवारी फोन करतो आणि दर रविवारी एकच विचारतो, "आई, आता तिथं तुझं काय राहिलंय?" प्रेमानेच विचारतो. सूनबाईंनी माझ्यासाठी खोली रंगवून ठेवली होती, खिडकीला पडदेसुद्धा लावले होते. प्रश्न सरळ होता आणि उत्तर माझ्याकडे नव्हतं. निवृत्तीला थोडाच काळ उरला होता, तो सोडून देणंही अवघड नव्हतं. मी नुसतं म्हणायचे, "वर्ष संपू दे."

अशात मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून घेतलं. वर्षाच्या शेवटी मुलांच्या फोटोंचं प्रदर्शन असतं. तेवढं होईपर्यंत सरांचा गट मी सांभाळावा, असं त्यांचं म्हणणं. "मला किड्यांची किळस आहे," मी स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही नुसत्या व्हरांड्यात उभ्या राहा. मुलांना सगळं येतं."

मी व्हरांड्यातच उभी राहिले. बागेत पाय ठेवला नाही. किळस होती ते खरं, पण तेवढंच खरं नव्हतं. त्या पुदिन्याचा वास मला सोसत नव्हता.

गटात नववीतला एक मुलगा होता, ह्यांच्याच हाताखाली तयार झालेला. प्रत्येक गोष्टीत वाद घालायचा म्हणून त्याला सगळे वकील म्हणत. आणि पाचवीत यंदाच आलेली एक मुलगी होती. पुढचे दोन दात मोठे, बोलायची भीती, कुणी हाक मारली तरी झाडामागे सटकायची. मुलांनी तिला खार करून टाकलं होतं. तिने ह्यांना पाहिलेलंच नव्हतं. ती शाळेत आली तेव्हा ते जाऊन महिने झाले होते.

पहिल्या शुक्रवारी शेवटच्या तासानंतर आम्ही प्रयोगशाळेत फोटो बघायला बसलो. दोन-चार गुलाब, एक पळता सरडा, हललेलं काहीतरी. मग खारीचा फोटो आला. लिंबाच्या पानावर हिरवा सुरवंट, इतका स्वच्छ की त्याच्या अंगावरच्या रेघा मोजता याव्यात. आणि खालच्या कडेने चौकटीत आलेलं एक बोट. नेम सुरवंटावर धरलेला, म्हणून बोट धूसर होतं. नुसता आकार कळत होता. पण टोक डावीकडे वळलेलं होतं.

मी खुर्ची पडद्याजवळ ओढली.

"पुढचा घेऊ का, बाई?" वकिलाने विचारलं.

"हा जुना फोटो आहे का?"

"नाही, बाई. ही काय कोपऱ्यात तारीख. कालचाच आहे. ती कापलेली फांदी पण दिसतेय बघा, शिपाईकाकांनी सोमवारी कापली ती."

मी मान हलवली. मागे त्या लोखंडी कपाटाचं दार करकरत आपोआप उघडलं. त्याची कडी सैल आहे, ते नेहमीच उघडतं. तरी मी उठून ते लावलं.

तो फोटो मी फोनवर घेतला. घरी जाऊन भिंतीवरच्या त्या अनोळखी माणसासमोर उभी राहिले आणि म्हटलं, "अहो, हा काय पोरकटपणा?" घरात चिटपाखरू नव्हतं. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण त्या भीतीच्या तळाशी आनंद होता, आणि तो भीतीपेक्षा मोठा होता. वर्षभर मी एकच मागत होते, की हा माणूस कुठेतरी असावा. कुठेही. मला भेटला नाही तरी चालेल, पण असावा.

पुढच्या शुक्रवारी टोमॅटोच्या देठावरचा लाल ढालकिडा होता आणि त्याच्याशेजारी वाकडं बोट. त्याच्या पुढच्या शुक्रवारी गोगलगाय, मग गुलाबाच्या कळीवरचा कोळी, आणि प्रत्येकाशेजारी वाकडं बोट. मी शुक्रवारची वाट बघायला लागले. चांगली साडी नेसून जायला लागले, आता सांगायला हरकत नाही. बोटं मी नीट निरखून बघितली नाहीत. उत्तरपत्रिकेत अर्धा गुण कापताना हात न थरथरणारी बाई मी, पण आपल्याला हवं ते मिळत असताना तपासायला कोण बसतं?

रविवारी मुलाला म्हटलं, "बघू. इतक्यात काही ठरवत नाही."

"आई, काय झालंय? आवाज वेगळा येतोय."

"काही नाही. बरं चाललंय."

घरी मी त्यांच्याशी बोलायला लागले होते. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना. टोमणेच मारायचे बहुतेक. "मुलांच्या फोटोत जाता, घरी यायला काय होतं?" उत्तर यायचं नाही. जिवंत असतानाही पेपर वाचताना ते उत्तर द्यायचे नाहीत, त्यामुळे मला फारसा फरक जाणवला नाही.

शेवटी राहवेना. एका गुरुवारी मी व्हरांड्याच्या पायऱ्या उतरून बागेत गेले. ओल्या मातीतून चपला फचफचत होत्या, नळ ठिबकत होता, आणि पुदिन्याचा वास नाकात शिरला तसे डोळे भरून आले. मी लिंबाच्या आडोशाला उभी राहिले. मी काय बघायला आले होते ते मला माहीत होतं. एखादं पोर बटण दाबेल आणि मागून ते बोट येईल, ते मला बघायचं होतं.

टोमॅटोच्या वाफ्याशी एक मुलगा उकिडवा बसला होता. त्याने एका हाताने कॅमेरा धरला, दुसरा हात पुढे केला, तर्जनी काढली आणि ती आकड्यासारखी वाकवली. मग फोटो काढला. पलीकडे गुलाबाशी एक मुलगी. तिनेही बोट वाकवलं. तिच्या पलीकडे अजून एक. मी बघत राहिले. बागभर पोरं वाकडी बोटं करून बसली होती.

"बोट असं का धरलंय?" माझा आवाज मलाच मोठा वाटला.

तो मुलगा दचकला. "असंच धरतात, बाई."

"कोण म्हणालं?"

तो वकिलाकडे बघायला लागला. वकील पुढे आला. "बाई, ती पद्धत आहे. सरळ बोट दिसलं की किड्याला वाटतं चोच आली. वाकडं दिसलं की वाटतं काटकी आहे. मग तो पळत नाही."

"हे सरांनी सांगितलं?"

"सांगितलं नाही. सर बोलून कुठे दाखवायचे? पण सरांचं बोट प्रत्येक फोटोत वाकडंच असायचं. त्यावरून आम्हीच शोधून काढलं. उगाच कशाला सर बोट वाकडं धरतील? आता लहान मुलांना मीच शिकवतो."

त्याचा चेहरा अभिमानाने फुलला होता. दुसरा कुठला दिवस असता तर मी पोट धरून हसले असते. त्या दिवशी मला त्याच्या मुस्काटात द्यावीशी वाटली.

"सरांचं बोट कपाटाच्या दारात चेमटलं होतं," मी म्हणाले. "म्हणून ते वाकडं होतं. त्यात शास्त्र नाही, काही नाही. डॉक्टरकडे गेले नाहीत म्हणून वाकडं राहिलं. कळलं?"

एका लहान मुलीने हळूच आपलं बोट सरळ केलं.

"आणि आता पुरे झालं. पुढच्या वेळेपासून प्रत्येकाच्या हातात पट्टी पाहिजे. बोट ठेवलेला एकही फोटो मी बघणार नाही."

मी व्हरांड्यात परत आले. तो माणूस तिथे नव्हता. कधीच नव्हता. पोरांनी एका मोडक्या बोटाची नक्कल केली आणि मी म्हातारी साडी बदलून त्याला भेटायला जात होते. एकाच माणसापायी मी दुसऱ्यांदा विधवा झाले. पहिल्या वेळी निदान लोक सांत्वनाला आले होते.

त्या रविवारी मुलाचा फोन यायची वाटही बघितली नाही. मीच केला आणि सांगितलं, "प्रदर्शन झालं की येते. तिकीट काढून ठेव."

तो इतका खूश झाला, की सूनबाईंच्या हातात फोन देऊन परत घेतला आणि परत दिला.

पट्ट्या आल्या. पुढच्या शुक्रवारी फोटो बघितले. पानं होती, फुलं होती, शेजारी पट्टी होती. पट्टीवरचे आकडे सुरेख आले होते. किडा मात्र कुठेच नव्हता. पट्टी टेकवेपर्यंत जो तो उडून गेलेला. पानाची लांबी आम्हाला बिनचूक मिळाली. आयुष्यभराचं भांडण मी हरले होते, आणि "सांगत नव्हतो?" असं म्हणायलाही कुणी नव्हतं. वकील चक्क वाद घालत नव्हता.

घरी मी सामान बांधायला घेतलं. त्यांचे शर्ट शिपायाला दिले, चष्मा ठेवला. भिंतीवरचा फोटो काढून कागदात गुंडाळला.

प्रदर्शनाला मोठे फोटो लागतात. छापणाऱ्याकडे कुठले द्यायचे ते ठरवताना खारीच्या सुरवंटाला पर्याय नव्हता. वर्षभरातला तो सगळ्यात चांगला फोटो होता. वाकडं बोट असो नाही तर काही असो, एका लहान मुलीचं कष्टाचं काम मी माझ्या रागापायी बाद करणार नव्हते. छापणाऱ्याकडून गुंडाळी आली ती दुपारच्या सुट्टीत मी प्रयोगशाळेच्या लांब टेबलावर उलगडली आणि चार कोपऱ्यांवर चार बरण्या ठेवल्या.

सुरवंट माझ्या मनगटाएवढा झाला होता. आणि बोट.

मी चष्मा पुसून पुन्हा लावला. बोट धूसर होतं, पण इतक्या मोठ्या आकारात आता त्याची पेरं वेगळी ओळखू येत होती. पहिलं पेर सरळ. दुसरं पेर सरळ. फक्त टोकाचं पेर डावीकडे. खाली नव्हे, आत नव्हे. डावीकडे.

बागेतल्या पोरांची बोटं मला आठवली. ती आकड्यासारखी होती, मधल्या पेरापासून तळव्याकडे वाकवलेली. बोट वाकतं ते तसंच. बाजूला कुणाचं वाकतं? मी माझं बोट टेबलावर ठेवलं आणि प्रयत्न केला. नाही वळलं. दुसऱ्या हाताने ढकललं, तरी नाही. दुखलं मात्र.

मी दारात जाऊन शिपायाला हाक मारली आणि गटातल्या सगळ्या मुलांना बोलावणं धाडलं. हात पुसत, डबे बंद करत ती आली.

"इकडे या. हे बोट बघा. असं करून दाखवा मला."

पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मग एकेकाने हात पुढे केला. सगळ्यांचे आकडे झाले.

"तसं नाही. मधलं पेर सरळ ठेवा. फक्त टोक, आणि डावीकडे."

कुणी ओठ चावले, कुणी दुसऱ्या हाताने बोट पिरगाळलं. वकिलाने टेबलाच्या कडेवर दाबून बघितलं आणि कळवळला.

"नाही होत, बाई," तो म्हणाला. "असं कुणालाच येणार नाही. हाडच तसं पाहिजे."

"मग हे कुणाचं आहे?"

कपाटाचं दार करकरत उघडलं आणि या वेळी मी ते लावायला उठले नाही. सगळ्यात मागे, दाराशी, खार उभी होती आणि तिच्या गालावरून पाणी ओघळत होतं.

"बाळ, तुझा फोटो आहे ना हा? तू बोट कसं ठेवलंस?"

तिने नाही म्हणून मान हलवली. मी तिच्याजवळ गेले आणि गुडघे दुखत असतानाही खाली बसले.

"मी रागावणार नाही. सांग."

"बाई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मी पहिल्यांदाच नीट ऐकला, "मी बोट ठेवलंच नव्हतं. मी विसरले होते. माझे दोन्ही हात कॅमेऱ्यावर होते."

"मग?"

"मग लगेच कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं तर फोटोत बोट होतं. मला वाटलं, कुणीतरी मोठ्या मुलाने मागून ठेवलं असेल. मी मागे वळून बघितलं तर कुणीच नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही. तुम्ही मार्क कापाल असं वाटलं."

"मागे कुणी आहे असं वाटलं होतं का तुला? फोटो काढताना?"

तिने विचार केला. "पुदिन्याचा वास आला होता," ती म्हणाली.

पुदिना नळापाशी आहे आणि लिंबू दुसऱ्या टोकाला. ते प्रत्येक मुलाला माहीत होतं.

वकील अगदी हळू आवाजात म्हणाला, "सर असंच करायचे, बाई. कुणी विसरलं की."

"माहीत आहे मला," मी म्हणाले. पण तिला कुठे माहीत होतं? तिला हे कुणीच सांगितलं नव्हतं.

सुट्टी संपल्याची घंटा झाली. वर्गावर कुणी नाही म्हणून मोठ्या बाई रागावतील, रागावू देत. मी खारीचा हात धरला आणि सगळ्यांना घेऊन बागेत गेले. लिंबाचं झाड तिथेच होतं. सुरवंट कधीच गेला होता, त्याचा रिकामा कोष एका काटकीला लटकत होता. मी तिच्या गळ्यात कॅमेरा घातला.

"काढ फोटो. बोट ठेवू नकोस. विसर."

तिने नेम धरला. मी तिच्या मागच्या मोकळ्या जागेकडे बघत होते, आणि माझ्या मागे सगळी पोरं श्वास रोखून उभी होती. बटणाचा आवाज झाला.

तिने कॅमेरा माझ्याकडे दिला. छोट्या पडद्यावर काटकी होती, कोष होता, मागे थोडं आकाश होतं. बाकी काही नव्हतं.

"बाई," वकिलाला शेवटी राहवलं नाही, "मुद्दाम विसरलेलं सर चालवून घेत नाहीत."

खरं होतं. अगदी खरं होतं. मी हसायला लागले आणि मला ते थांबवता येईना. मग तिथेच, पोरांसमोर, तोंडाला पदर न लावता मी रडले. वर्षभर आलं नव्हतं ते सगळं रडू त्या लिंबापाशी आलं. पोरं घाबरली. कुणीतरी नळाचं पाणी ओंजळीतून आणलं, ते वाटेतच सांडलं.

रविवारी मुलाचा फोन आला. "आई, तिकीट काढलंय. खिडकीजवळची जागा मिळाली."

"परत कर."

"का? काय झालं? आई, आता तिथं तुझं काय राहिलंय?"

"पोरं राहिलीत," मी म्हणाले. "फार विसरभोळी आहेत रे."

त्याला ते पटलं नाही. पटायचं कारणच नाही. सूनबाईंना म्हटलं, पडदे राहू द्या, सुट्टीत येईन.

पट्ट्या गोळा करून मी कपाटात टाकल्या. त्या कपाटाची कडी मी अजून दुरुस्त करू दिलेली नाही. निवृत्तीनंतरही मला येऊ द्या म्हणून मोठ्या बाईंना विचारलं आहे. आता मंगळवारी आणि गुरुवारी मी व्हरांड्यात थांबत नाही, बागेत मुलांच्या मागे उभी राहते. किड्यांची किळस आहे तशीच आहे. पोरं आधी बोट ठेवा म्हटलं तरी विसरतात, आणि मी आठवण करून देत नाही. जन्मभर विसरणाऱ्यांना ओरडत आलेली मी, पण आता एखादं पोर भान हरपून कॅमेऱ्यात डोळा घालतं तेव्हा तोंडातून चकार शब्द काढत नाही. हात मागे बांधते आणि थोडी बाजूला सरकते. त्याच्या मागे आणखी एका माणसाला वाकता येईल एवढी जागा ठेवते.